पावणेपाच किलोची होडी: नेसमुक नावाच्या शिकाऱ्याची गोष्ट

नवीन फोन घेताना आपण काय बघतो? कॅमेरा, बॅटरी, रॅम, किंमत. वजनाचा रकाना यादीत अगदी खाली असतो आणि बहुतेक जण तो वाचतही नाहीत. पण जी वस्तू तासन्‌तास हातात, पाठीवर किंवा डोक्यावर वागवायची असते, तिच्या बाबतीत हाच आकडा सगळ्यात आधी बघायला हवा.

आज ज्या माणसाबद्दल वाचणार आहोत, त्याने हे साधारण १४० वर्षांपूर्वी ओळखलं होतं. त्याला हवी होती एक होडी. शिकारीला आणि मासेमारीला जंगलात एकट्याने नेता येईल, स्वतःच्या खांद्यावर उचलता येईल आणि रोज कुणाला पैसे मोजावे लागणार नाहीत अशी. शेवटी जी होडी बनली तिचं वजन होतं साडेदहा पौंड, म्हणजे सुमारे ४.८ किलो. किराणा दुकानातून आणलेली पिठाची पाच किलोची पिशवी तिच्यापेक्षा जड भरेल!

त्या माणसाचं नाव जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स. वाचक मात्र त्याला नेसमुक या टोपणनावाने ओळखायचे. चला, त्याची गोष्ट सुरुवातीपासून बघू.

कोण होता हा नेसमुक?

सिअर्सचा जन्म २ डिसेंबर १८२१ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला. दहा भावंडांत तो सगळ्यात मोठा. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे आठव्या वर्षीच त्याला कापडगिरणीत कामाला लावलं. त्या काळी तिकडे गिरण्यांमध्ये लहान मुलं सर्रास राबायची. त्याचं मन मात्र गिरणीत कधी रमलं नाही.

गावाजवळ राहणाऱ्या मूळ रहिवासी जमातीतल्या एका तरुणाशी त्याची गट्टी जमली. जंगलात कसं वावरायचं, मासे कुठे मिळतात, प्राण्यांचा माग कसा काढायचा, हे त्याने या पोराला शिकवलं. त्या तरुणाचं नाव होतं नेसमुक. नॅरागॅन्सेट भाषेत त्याचा अर्थ रानबदकाचा नर. मोठेपणी लिहायला लागल्यावर सिअर्सने हेच नाव घेतलं.

पुढे बाराव्या वर्षी मासेमारीच्या बोटींवर काम, मग १८४१ मध्ये व्हेल पकडणाऱ्या जहाजावरून दूर समुद्राची सफर. परत आल्यावर तो पेनसिल्व्हेनियातल्या वेल्सबरो गावात आला आणि आयुष्यभर तेच त्याचं घर राहिलं. पोटापाण्यासाठी तो बूट शिवायचा. वडिलांचाही हाच धंदा होता. मधल्या काळात गावच्या वर्तमानपत्रात काम, यादवी युद्धात थोडे दिवस सैन्यात, दोनदा ब्राझीलची वारी, असं बरंच काही करून झालं. पैसा काही कशातून फारसा मिळाला नाही. लग्न झालेलं होतं, तीन मुलं होती, आणि वेळ मिळाला की हा गडी जंगलात पळायचा. घरच्यांच्या वाट्याला तो किती आला असेल याचा अंदाज आपला आपणच बांधावा.

तरुणपणी त्याने मिशिगनच्या जंगलातून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला दहा दिवस एकट्याने पायी प्रवास केला होता. सोबत बंदूक, थोडं सामान आणि बाकी सगळा भरवसा स्वतःच्या अनुभवावर. एकट्याने आणि कमीत कमी सामानात जायचं, ही सवय तिथूनच पक्की झाली असावी.

अडचण नेमकी काय होती?

आता गोष्ट येते १८८० च्या सुमाराला. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला ॲडिरॉन्डॅक नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. शेकडो तलाव, त्यांना जोडणाऱ्या नद्या आणि मध्ये घनदाट जंगल. १८६९ मध्ये विल्यम मरे नावाच्या एका धर्मोपदेशकाने या भागावर पुस्तक लिहिलं आणि शहरातली माणसं तिकडे लोटली. हरणाची शिकार, ट्राउट मासे, तलावाकाठी मुक्काम. हॉटेलं उभी राहिली आणि वाटाड्यांचा धंदा जोरात सुरू झाला.

या भागात फिरायचं तर होडीशिवाय गत्यंतर नव्हतं. पण एक तलाव संपला की दुसरा लगेच सुरू होत नाही. मध्ये कुठे अर्धा किलोमीटर, कुठे दोन-तीन किलोमीटर जमीन. तिथे होडी पाण्यातून बाहेर काढायची, खांद्यावर घ्यायची, जंगलातल्या पायवाटेने चालत जायचं आणि पलीकडच्या पाण्यात परत सोडायची. तिकडचे लोक या टप्प्याला कॅरी म्हणतात. एका सफरीत असे कितीतरी टप्पे यायचे.

तिथले वाटाडे वापरायचे ती गाइडबोट म्हणजे त्या काळातली उत्तम कारागिरी. साधारण १६ फूट लांब, पातळ फळ्यांची, आतल्या बरगड्या स्प्रूस झाडाच्या नैसर्गिक वळण असलेल्या मुळांतून कापलेल्या. दोन माणसं, सामान आणि मारलेलं हरीण एवढं सगळं ती वाहून न्यायची. पण वजन २७ ते ३४ किलो. तगडा वाटाड्या खांद्यावर लाकडी जू ठेवून ती उचलायचा. शहरातला पाहुणा हात हलवत मागून चालायचा.

वाटाड्याला दिवसाला साधारण अडीच-तीन डॉलर द्यावे लागायचे. त्या काळात साध्या मजुराला दिवसभर राबून दीड डॉलर मिळाला तरी पुष्कळ. म्हणजे बूट शिवणाऱ्या माणसाने महिनाभराच्या शिकारीला जायचं म्हटलं तर वाटाड्याची मजुरीच त्याच्या कमाईच्या दुप्पट व्हायची.

दुसरी अडचण शरीराची. सिअर्स तेव्हा साठीला टेकलेला. उंची पाच फूट तीन इंच, वजन पन्नास किलोच्या आतबाहेर. त्यात क्षयाची बाधा आणि दमा. तीस किलोची होडी त्याने उचलायची म्हणजे स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त ओझं! आणि क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. मोकळी हवा, जंगल, विश्रांती एवढाच सल्ला डॉक्टर द्यायचे. म्हणजे जिथे गेल्यावर बरं वाटेल अशी आशा होती, तिथे पोचायचं साधनच त्याच्या आवाक्याबाहेर होतं. पैशाने आणि ताकदीने, दोन्हीने.

आधी गरज, मग वस्तू

सिअर्सने इथे जे केलं ते मला इंजिनिअर म्हणून फार आवडतं. बाजारात आहे ती होडी घेऊन स्वतःला तिच्याशी जुळवून घेण्याऐवजी त्याने आधी आपली गरज नीट मांडली. माणूस एक. वजन एवढं. सामान एवढं. पाणी बहुतेक तलावांचं आणि शांत नद्यांचं. उचलणारा मी स्वतः. मग या सगळ्याला पुरेल एवढीच होडी हवी, त्याहून एक पौंडही जास्त नको.

ही मागणी घेऊन तो जे. हेन्री रश्टन या कारागिराकडे गेला. रश्टन न्यूयॉर्क राज्यातल्या कँटन गावचा, जन्म १८४३ चा. तोही अंगाने लहानखुरा आणि तब्येतीने नाजूक. स्वतःसाठी म्हणून त्याने १८७३ च्या सुमाराला पहिली होडी बनवली, ती लोकांना आवडली आणि धंदाच सुरू झाला. १८७६ च्या फिलाडेल्फियातल्या मोठ्या प्रदर्शनात त्याच्या होड्या मांडल्या गेल्या होत्या. थोडक्यात, गरज मांडणारा आणि ती पुरी करणारा, दोघांनाही जड वस्तू उचलण्याचा त्रास अनुभवाने माहीत होता.

होडी हलकी कशी होते?

इथे थोडं विज्ञान बघू, म्हणजे पुढचे आकडे नीट समजतील.

लाकडी होडीचं वजन मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं: बाहेरच्या कवचाचं क्षेत्रफळ, त्याची जाडी आणि लाकडाची घनता. तिन्हींचा गुणाकार होतो. त्यामुळे तिन्ही थोड्या थोड्या कमी केल्या तरी वजन एकदम घसरतं.

पहिलं, लाकूड. रश्टन पांढरा सीडर वापरायचा. वाळलेल्या सीडरचं वजन एका घनमीटरला ३५० किलोच्या आसपास असतं. आपलं सागवान याच्या जवळजवळ दुप्पट जड. शिवाय सीडर पाण्यात लवकर कुजत नाही.

दुसरं, जाडी. सिअर्सच्या होड्यांच्या फळ्या जेमतेम पाच मिलीमीटर जाडीच्या. एवढी पातळ फळी नुसती बसवली तर पाय ठेवताच वाकेल किंवा तडकेल. म्हणून रश्टनने क्लिंकर पद्धत वापरली. आपल्याकडे कौलं कशी एकावर एक थोडी चढवून बसवतात? तशा फळ्या. वरच्या फळीची कड खालच्या फळीवर थोडी येते आणि तिथे बारीक चुका मारून त्या आतून वळवतात. जिथे दोन फळ्या एकमेकींवर येतात तिथे जाडी आपोआप दुप्पट होते. म्हणजे होडीच्या लांबीभर मजबुतीच्या पट्ट्या फुकटात तयार होतात. आतून लाल एल्म लाकडाच्या नाजूक बरगड्या जवळजवळ बसवल्या की कवच आणखी ताठ होतं. गुळगुळीत कवच दिसायला छान, पण त्याला हीच ताकद यायला फळी जाड घ्यावी लागते. सिअर्सने आपल्या पुस्तकात क्लिंकरच का, याचं वेगळं स्पष्टीकरण दिलं आहे.

तिसरं, आकार. होडी जितकी लहान तितकं कवच कमी. आपण ढोबळ हिशोब करून बघू. नऊ फूट लांब, २६ इंच रुंद आणि मध्यभागी सहा इंच खोल अशा निमुळत्या होडीचं कवच साधारण १.३ ते १.४ चौरस मीटर भरेल. त्याला पाच मिलीमीटर जाडी आणि ३५० ची घनता लावली तर फळ्यांचं वजन येतं सव्वादोन ते अडीच किलो. उरलेल्या सव्वादोन-अडीच किलोत बरगड्या, काठ, पुढचे-मागचे खांब आणि चुका. म्हणजे पावणेपाच किलोची लाकडी होडी ही काही दंतकथा नाही. गणितात ती बरोबर बसते.

एकामागून एक होड्या

सिअर्सला हवी ती होडी पहिल्याच फटक्यात मिळाली नाही. तो एक होडी घ्यायचा, खऱ्या सफरीवर वापरायचा, काय जमलं काय नाही ते बघायचा आणि मग पुढची मागवायचा. तीन महत्त्वाच्या होड्या अशा:

पहिली, १८८० ची. लांबी १० फूट, वजन जवळपास १८ पौंड (सुमारे ८.१ किलो). गाइडबोटीच्या तुलनेत एक तृतीयांशाहून कमी!

दुसरी, १८८१ ची, नाव सुझन निपर. लांबी साडेदहा फूट, वजन १६ पौंड (सुमारे ७.३ किलो). लांबी वाढली तरी वजन उतरलं.

तिसरी, १८८३ ची, नाव सेरी गॅम्प. लांबी ९ फूट, वजन साडेदहा पौंड (सुमारे ४.८ किलो).

ही नावं चार्ल्स डिकन्सच्या कादंबऱ्यांमधली. सेरी गॅम्प ही 'मार्टिन चझलविट'मधली सुईण, दारूची शौकीन. ती पाणी कधी घेत नाही, तसं या होडीनेही आत पाणी घेऊ नये, असा त्यातला विनोद.

तिन्ही होड्या उघड्या, वरून झाकलेल्या नसलेल्या. बसायचं थेट तळाशी, पाय पुढे पसरून. वल्हं एकच, पण दोन्ही टोकांना पातं असलेलं. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. याचे दोन फायदे. एकतर वजन पाण्याच्या पातळीजवळ राहतं, त्यामुळे एवढी चिमुकली होडीही सहजासहजी कलंडत नाही. दुसरं म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखा जोर लागतो, त्यामुळे एकट्या माणसाला ती सरळ रेषेत नेता येते. गाइडबोटीत वल्हवणारा पाठ करून बसतो. इथे मात्र माणूस समोर बघतो, आणि काठावर पाणी प्यायला आलेलं हरीण किंवा पुढचा खडक त्याला वेळेत दिसतो.

१८८३ ची सफर

सेरी गॅम्प घेऊन सिअर्स निघाला तेव्हा तो ६१ वर्षांचा होता आणि खोकल्याने बेजार. वाटाडे तेव्हा तगडे, होड्या सहा-सात पट जड, आणि हा म्हातारा नऊ फुटांची होडी टोपी घालावी तशी डोक्यावर घेऊन पायवाटेने चाललेला!

मार्ग होता फुल्टन चेन नावाच्या तलावांच्या साखळीतून रॅकेट लेक, पुढे फोर्क्ड लेक, लाँग लेक, मग सॅरानॅकच्या भागातून उत्तरेला पॉल स्मिथच्या प्रसिद्ध हॉटेलापर्यंत, आणि तिथून परत. एकूण अंतर २६६ मैल, म्हणजे ४२८ किलोमीटर. मुंबईहून निघून पुण्याला जाऊन यायचं, पुन्हा जायचं, एवढं होईल. फरक इतकाच की इथे रस्ता पाण्याचा, इंजिन स्वतःचे दोन हात आणि मध्येमध्ये गाडीच डोक्यावर घेऊन चालायचं.

मोठ्या तलावांवर वारा सुटला की लाटा उठतात. सहा इंच खोलीच्या होडीला त्या थोड्या नव्हेत. सिअर्सने वारा बघून निघण्याची वेळ ठरवायची, काठाच्या आडोशाने जायचं, गरज पडली तर थांबायचं, असं धोरण ठेवलं. धाडस त्याच्याकडे होतं, पण ते पन्नास वर्षांच्या अनुभवावर बेतलेलं होतं. होडी धड राहिली, माणूसही परत आला.

या तिन्ही सफरींची वर्णनं तो 'फॉरेस्ट अँड स्ट्रीम' या साप्ताहिकात नेसमुक नावाने लिहीत होता. हे शिकार, मासेमारी आणि निसर्गाला वाहिलेलं त्या काळातलं मोठं नियतकालिक. ती पत्रं वाचून ज्यांना वाटाडे परवडत नव्हते अशा कितीतरी लोकांना पहिल्यांदा कळलं की आपणही एकटे जाऊ शकतो. रश्टनकडे तशाच होड्यांच्या मागण्या येऊ लागल्या आणि त्याच्या किंमतपत्रकात नेसमुकच्या नावाची होडी विकायला आली. आजच्या भाषेत हा खऱ्या वापरानंतर लिहिलेला रिव्ह्यू होता. एका दिवसाचा नाही, शेकडो किलोमीटरचा.

नुसती होडी हलकी असून भागत नाही

इथेच बरेच लोक चुकतात. फोन हलका घ्यायचा आणि त्यावर जाडजूड कव्हर चढवायचं, तसलाच प्रकार. सिअर्सने पूर्ण ओझ्याचा हिशोब केला होता.

१८८४ मध्ये आलेल्या त्याच्या 'वुडक्राफ्ट' पुस्तकात तो सांगतो की होडी, जादा कपडे, पांघरूण, दोन दिवसांचा शिधा, छोटी कुऱ्हाड, गळाची काठी आणि पाठपिशवी धरून त्याचं ओझं २६ पौंडांच्या वर कधी गेलं नाही. म्हणजे ११.८ किलो. रोज रात्री उघड्यावर मुक्काम करायची तयारी त्यातच! सेरी गॅम्पचं वजन वजा केलं तर बाकी सगळं सामान सात किलोत.

शिधा तो दोनच दिवसांचा ठेवायचा, कारण वाटेत वस्त्या आणि हॉटेलं होती आणि मासे पाण्यात होते. वजनदार तंबूऐवजी कापडाचा साधा आडोसा, आणि भांडी मोजकी. प्रत्येक वस्तू उचलताना एकच प्रश्न: हिच्याशिवाय माझं अडेल का?

याचा एक परिणाम शिकारीच्या पद्धतीवरही होतो. त्या काळी ॲडिरॉन्डॅकमध्ये कुत्रे सोडून हरणाला तलावात पळवायचं आणि होडीतून गाठून मारायचं, किंवा रात्री होडीच्या टोकावर दिवा लावून त्याच्या डोळ्यांवर उजेड टाकायचा आणि गोळी घालायची, हे सर्रास चालायचं. त्यासाठी वाटाड्या, कुत्रे आणि मोठी होडी लागायची. एकटा, हलका माणूस शांतपणे माग काढत जातो आणि खाण्यापुरतंच घेतो, कारण जास्त मारून वाहून नेणार कशात? धरणांमुळे पाण्याखाली बुडालेली जंगलं आणि शिकारीतली नासाडी यांबद्दलही सिअर्सने तक्रारीच्या सुरात लिहिलं. ते वाचणाऱ्या वर्गात जंगल वाचवायला हवं ही भावना वाढत होती. १८८५ मध्ये न्यूयॉर्क राज्याने तिथलं सरकारी जंगल कायद्याने राखीव केलं. ते काही एकट्या सिअर्समुळे झालं नाही, पण तोच तो काळ.

हलकेपणाची किंमत

आता दुसरी बाजू, कारण फक्त कौतुक केलं तर ती जाहिरात होईल.

सेरी गॅम्प चांगली होती ती सिअर्ससाठी. पुन्हा गणित बघू. होडीला तरंगायला जेवढं एकूण वजन, तेवढ्याच वजनाचं पाणी बाजूला सारावं लागतं. होडी, माणूस आणि सामान मिळून साधारण ६२ किलो, म्हणजे ६२ लिटर पाणी. एवढ्या लहान होडीचा पाण्यावर टेकणारा भाग ढोबळमानाने एक चौरस मीटर धरला, तर दर दहा किलोला ती साधारण एक सेंटीमीटर खाली जाते. मध्यभागी एकूण खोली फक्त १५ सेंटीमीटर. त्यातली आठ-दहा पाण्याखाली गेली की वर उरतात पाच-सहा. आता पन्नासऐवजी ऐंशी किलोचा माणूस बसवा. तीन सेंटीमीटर आणखी गेले. मग एखादी साधी लाटही काठावरून आत येणार.

म्हणून हीच होडी तुमच्या मित्राला धोक्याची ठरू शकते. शिवाय पाच मिलीमीटरची फळी खडकावर आपटली तर फुटते. चढता-उतरताना पाय नेमका मध्यभागीच टाकावा लागतो. मारलेलं हरीण तिच्यातून नेता येत नाही. वाटाड्यांची गाइडबोट वाईट नव्हती, तिचं काम वेगळं होतं.

आणि आजार? तो हटला नाही. सिअर्सने रश्टनकडून एकूण पाच होड्या घेतल्या. शेवटची तर दहा पौंडांच्याही किंचित आत होती. ती घेऊन तो छातीला बरं वाटावं म्हणून फ्लोरिडाच्या उबदार हवेत फिरला. १८८७ मध्ये त्याचा कवितासंग्रह आला. १ मे १८९० रोजी, वयाच्या ६८ व्या वर्षी, वेल्सबरोच्या घरी तो गेला. हलक्या होडीने त्याला बरं केलं नाही. पण ज्या दशकात तो अंथरूण धरून बसला असता, त्या दशकात तिने त्याला शेकडो किलोमीटर पाणी दाखवलं.

पुढे काय झालं?

सेरी गॅम्प आजही शाबूत आहे. ती स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात गेली आणि ॲडिरॉन्डॅकमधल्या ब्लू माउंटन लेक इथल्या संग्रहालयात लोकांनी ती पाहिली. रश्टन १९०६ मध्ये वारला. त्याच्या होड्या आज संग्राहक जपून ठेवतात, आणि त्याच्या वी लॅसी नावाच्या साडेदहा फुटी होडीचे आराखडे वापरून हौशी लोक अजूनही गॅरेजमध्ये होड्या बनवतात.

विसाव्या शतकात केव्हलार आलं. हे कृत्रिम धाग्यांचं कापड राळेत भिजवून साच्यावर घट्ट करतात. वजनाच्या मानाने ताकद प्रचंड. ॲडिरॉन्डॅकमधल्याच पीटर हॉर्नबेक या कारागिराने सेरी गॅम्पवरून प्रेरणा घेऊन केव्हलारच्या हलक्या होड्या बनवल्या. साहित्य बदललं, पण एक माणूस, तळाशी बैठक, दोन पात्यांचं वल्हं आणि उघडी होडी, हा मूळ आराखडा सिअर्सचाच राहिला.

हलकी होडी निवडायची तर?

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्यप्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे. त्यामुळे इथे प्रश्न शिकारीचा नाही. पण तलावावर फिरायला, फोटो काढायला, परवानगी असेल तिथे मासेमारीला होडी घ्यायची झाली, किंवा परदेशात राहणाऱ्या कुणाला अशी होडी बघायची असेल, तर सिअर्सच्या अनुभवातून ही यादी तयार होते:

१. उचलणार कोण, हे आधी ठरवा. दुकानात दोघांनी उचललेली होडी जंगलात एकट्याला उचलावी लागते.

२. होडीची क्षमता बघताना स्वतःचं वजन, सामान आणि परतीचं ओझं धरा. कमाल क्षमतेच्या बरंच आत राहा.

३. लांब होडी सरळ आणि वेगात जाते, आखूड होडी पटकन वळते आणि हलकी असते. तुमचं पाणी कोणतं, त्यावर निवड करा.

४. खडकाळ नदी असेल तर थोडं जास्त वजन घेऊन मजबूत कवच घ्या. शांत तलाव असेल तर हलकं चालेल.

५. किंमत फक्त होडीची मोजू नका. गाडीवरचा स्टँड, वल्हं, दुरुस्ती, ठेवायची जागा हे सगळं धरा. सिअर्सची होडी त्याला परवडली, कारण तिच्यामुळे वाटाड्याचा रोजचा खर्च वाचला.

६. लाइफ जॅकेट वजनाच्या हिशोबातून कधीही वगळू नका. सिअर्सच्या काळात ते कुणी घालत नव्हतं, आज न घालण्याला काही कारण नाही.

७. शक्य असेल तर आधी भाड्याने घेऊन दिवसभर वापरा. सिअर्सलाही नेमकी हवी ती होडी तिसऱ्या खेपेला मिळाली.

या यादीतले निम्मे मुद्दे होडी काढून तिथे लॅपटॉप, कॅमेरा किंवा ट्रेकची सॅक लिहिली तरी तसेच लागू पडतात. सगळ्यात जास्त फीचर्स कशात आहेत हा प्रश्न दुकानदाराच्या सोयीचा. आपला प्रश्न असा हवा की माझं काम नेमकं काय आहे आणि त्याला कमीत कमी किती पुरेल. पन्नास किलोच्या, आजारी, बूट शिवणाऱ्या एका माणसाने तो प्रश्न नीट विचारला आणि त्याला ४.८ किलो हे उत्तर मिळालं. तुमचं उत्तर वेगळं येईल. यायलाच हवं, कारण उचलणारा खांदा तुमचा आहे.